एकाच उंचीची कोथिंबीर

रिकामी जागा बघवत नाही अशी काही माणसं असतात. माझे सासरे त्यांतले. ताटात रिकामी जागा दिसली की ते वाढतात, भिंतीवर दिसली की खिळा ठोकतात, आणि शेतात दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. आयुष्यभर त्यांनी धान्य पिकवलं. वर्षातून एकदा पेरायचं, एकदा कापायचं आणि मधले महिने उभ्या पिकाकडे बघून छाती फुगवायची. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या आणि आमच्या वाट्याला घरालगतचा तुकडा आला. एवढ्याशा तुकड्यात धान्य पेरणं म्हणजे हातरुमालाचा सदरा शिवण्यातला प्रकार. म्हणून मी पालेभाज्या धरल्या.

लग्नाआधी मी भाजीच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. मोठा शेतकरी ट्रक भरून माल आणतो. ढिगाच्या बाबतीत त्याच्याशी बरोबरी करायला गेलं की आपण संपलो. पण त्याचा ट्रक आज येतो आणि उद्या येतोच असं नाही, आणि दुकानदाराला डोंगर नको असतो. त्याला ठरल्या वारी ठरलेली टोपली हवी असते. तेव्हा मी तुकड्याचे आठ वाफे पाडले आणि दर आठवड्याला एकच वाफा पेरायचा नेम धरला. एकात पालक कापायला आलेला, शेजारी शेपू वीतभर, पलीकडे मुळ्याला नुकती दोन पानं फुटलेली, आणि एखाददुसरा वाफा नुसती माती. बघणाऱ्याला ती माती वाया गेलेली वाटते. मला त्यात पुढच्या महिन्याची टोपली दिसते.

हे बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं नव्हतं का? सांगितलं की! पण माझं सांगणं म्हणजे डोक्यावर टोपली, हातात विळा आणि एक पाय फाटकाबाहेर. ते "हो हो" म्हणायचे आणि रिकाम्या वाफ्याकडे बघून उसासा टाकायचे. त्यात आमच्या शेजारी बांधापलीकडे दुर्बीण राहतो. खरं नाव काहीतरी चांगलं आहे त्याचं, पण सगळ्या गावाच्या शेतात काय चाललंय हे त्याला स्वतःच्या शेताआधी कळतं, म्हणून दुर्बीण. रिकामा वाफा दिसला की तो बांधावर उभा राहून खोकायचा. मी लक्ष देत नसे. कुणाकुणाच्या खोकल्याला औषध देत बसायचं?

माझं लक्ष दुसरीकडे होतं. माझा नवरा ट्रक चालवतो. लांबच्या फेऱ्या. घरी येतो तो पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखाच जातो. आमची मुलगी लहान असताना त्याला बघून दाराआड लपायची. आता लपत नाही, पण जेवताना त्याच्याकडे चोरून बघते, हा माणूस मीठ किती घेतो ते. मला हे बघवत नव्हतं. मी त्याला म्हटलं होतं, "मला एक कायमचं गिऱ्हाईक मिळू दे. मग ट्रकच्या किल्ल्या मालकाला परत द्या आणि घरी या. दोघं मिळून वाफे करू."

आणि असं गिऱ्हाईक अगदी तोंडाशी आलं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याचं स्वयंपाकघर. दोन वेळा शेकडो रुग्णांचं जेवण रांधणारं, आणि बारा महिने पालेभाजी घेणारं. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणायचे. उंच, कोरड्या आवाजाच्या, केसांवर पांढरी टोपी. त्यांची खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काचेचा एक खोका. आत बसलं तरी बाहेरच्या मोठाल्या पातेल्यांवर त्यांचा एक डोळा असायचा. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, आठ वाफ्यांचं, पाळीपाळीनं पेरण्याचं. मग म्हणाल्या, "मोठे शेतकरी माझ्याकडे रोज येतात. एक आठवडा इतकं आणतात की ठेवायला जागा नाही, पुढचे तीन आठवडे फोन उचलत नाहीत. तुमची पद्धत मला आवडली. पण मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाही." दीड महिन्यानंतरचा दिवस त्यांनी ठरवला.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.  बाबा खिडकीतून वाफ्यांकडे बघत होते.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीची वेळेआधी प्रसूती झाली. जुळं. दोन्ही बाळं काचेच्या पेटीत, बहीण अशक्त, आणि तिच्याजवळ माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. मला जावंच लागलं. निघताना मी बाबांना वाफ्यांपाशी नेलं आणि सांगितलं, दर आठवड्याला एकच, या क्रमानं, बियांचे डबे त्या-त्या वाफ्याशी ठेवलेत, आणि तयार भाजीची टोपली ठरल्या वारी आपल्या दुकानदारांकडे.

"अगं, तू जा निवांत," ते म्हणाले. "मी काय आज शेती शिकतोय?"

खरंच होतं ते. माझ्या जन्माआधीपासून शेती करणाऱ्या माणसाला आणखी काय सांगणार?

बहिणीकडे मी दवाखान्याच्या बाकावर दिवस काढले. बाळं आज बरी, उद्या नाही, असं चाललं होतं. घरी फोन करायची तो धावताधावता. पण फोनवर काहीतरी शिजतंय हे मला जाणवत होतं. आई बोलता बोलता हसायच्या आणि मागून बाबा त्यांना गप्प करायचे.

"काय चाललंय तुमचं?" मी विचारलं.

"काही नाही गं. तू आलीस की बघशील."

"वाफे ठीक आहेत ना?"

"ठीक? अगं, बघतच राहशील!"

मुलगी मधेच ओरडायची, "आई, आजोबांनी सांगू नको म्हणून सांगितलंय!" मला वाटलं, अवजारांच्या शेडला रंग दिला असेल. बाबांना रंगाची हौस आहे. मागे एकदा त्यांनी घमेल्यालासुद्धा निळा रंग दिला होता. मी हसले आणि फोन ठेवला. माझी माणसं माझ्यासाठी काहीतरी करताहेत, या सुखात मी पुढचं काही विचारलंच नाही.

अखेर बाळं पेटीतून बाहेर आली, बहीण उठून बसली, आणि मी परतीची बस धरली ती नेमकी मॅडम येणार त्याच सकाळी. त्यांना मीच सोबत घेऊन यायचं ठरलं होतं. घरी जाऊन परत शहरात यायला वेळ नव्हता, म्हणून मी थेट मॅडमच्या दवाखान्यात गेले. पातेल्यांमधून वाट काढत त्यांच्या काचेच्या खोक्यापाशी पोचले तेव्हा त्या पर्स घेऊन उभ्याच होत्या. त्यांच्या गाडीतून आम्ही निघालो. वाटभर मी बोलत होते. कुठल्या वाफ्यात या आठवड्याला काय तयार असेल, पुढच्या आठवड्याला काय, सगळं मला पाठ होतं. मॅडम गाडी चालवता चालवता मान हलवत होत्या. एकदा तर हसल्याही. 

फाटकाशी सगळं घर उभं होतं. आईंनी कपाटातले ठेवणीतले कपडे काढले होते. मुलीच्या वेण्या इतक्या घट्ट बांधलेल्या की डोळे वर ओढले गेलेले. आणि बाबा गुळगुळीत दाढी करून, काठी बाजूला ठेवून, ताठ उभे. गुडघेदुखीमुळे ते काठीशिवाय दहा पावलंसुद्धा चालत नाहीत. आज पाहुण्यांसमोर काठी नको होती.

"या, या," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी त्यांनी फाटक उघडलं.

मी आत बघितलं आणि माझा पाय फाटकातच थांबला.

हिरवंगार. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आठही वाफे, बांधाच्या कडेपर्यंत काठोकाठ. मातीचा ठिपका दिसायला तयार नाही. आणि सगळं एकाच उंचीचं. पालक नाही, शेपू नाही, मुळा नाही. नुसती कोथिंबीर. वारा आला की सगळी एकदम एका बाजूला वाकत होती आणि एकदम उभी राहत होती. तिचा वास इतका दाट होता की श्वास घेववेना. मला क्षणभर वाटलं, मी चुकीच्या घरी आले. मग मुलीनं माझा हात ओढला. "आई, कसंय? आजोबांनी केलं!"

माझ्या तोंडून शब्द फुटेना.  आई माझ्या चेहऱ्याकडे बघून खुशीत आल्या. त्यांना वाटलं, आनंदानं वाचा बसली.

मॅडम पहिल्या वाफ्याशी खाली बसल्या. काडीशी हात उभा धरून त्यांनी उंची बघितली. उठून चौथ्या वाफ्याशी गेल्या, तिथेही तेच केलं. मग शेवटच्या वाफ्याशी. परत येताना त्यांचे बूट चिखलानं भरले होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"हे सगळं एकाच दिवशी पेरलंय," त्या म्हणाल्या.

"एकाच दिवशी!" बाबांनी छातीवर हात ठेवला. "आणि एकट्यानं! आधी काय होतं, सगळं उंचसखल. एक वाफा हा एवढा, दुसरा तो तेवढा, तिसरा बोडका. पाहुण्यांना काय ते दाखवायचं? सगळं काढून टाकलं, जमीन साफ केली आणि एकसारखं पेरलं. पालक कसा, फतकल मारून बसतो, दिसत नाही. कोथिंबीर दिसते. वाससुद्धा रस्त्यापर्यंत जातो."

"सगळं काढून टाकलंत?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण तो कुठून आला ते कळलं नाही. "आपले नेहमीचे दुकानदार? त्यांना इतके दिवस काय दिलंत?"

"त्यांना म्हटलं, थोडं थांबा. मग भरभरून देतो."

ते थांबले नसणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. टोपली चुकली की दुकानदार दुसऱ्याची टोपली घेतो. मीही भाजीच्या दुकानात कामाला असताना हेच केलं होतं.

मॅडमनी बाबांना अगदी शांतपणे विचारलं, "आजोबा, मला पुढच्या आठवड्याला काय द्याल?"

"कोथिंबीर!"

"आणि त्याच्या पुढच्या?"

"हवी तेवढी न्या हो! गाडी भरून न्या!"

"तोवर ही फुलावर येईल," मॅडम म्हणाल्या. "मग पुढचा महिना-दीड महिना तुमच्याकडे काय असेल?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत प्रश्न न कळलेलं मूल बाईंकडे न बघता शेजारच्या मुलाकडे बघतं, तसं. मी मान खाली घातली. त्या घटकेला मला त्यांची दया आली नाही. मला फक्त दिसत होता माझा नवरा, ट्रकच्या उंच सीटवर, रस्ता संपत नाही असा.

मी मॅडमना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि तिथे एकदम बोलत सुटले. मी इथे नव्हते, बहिणीची प्रसूती, जुळं, माझी पद्धत अशी नाही, तुम्ही माझं बोलणं ऐकलंय, माझ्यावर विश्वास ठेवा. श्वास न घेता बोलत होते. त्यांनी मला बोलू दिलं.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही गेलात आणि पद्धतही तुमच्याबरोबर गेली. उद्या तुम्हाला ताप आला तर? माझ्याकडे माणसं आजारी असतात हो. त्यांचं जेवण एका बाईच्या घरी असण्यावर नाही ठेवता येत मला."

"मग?"

"यावेळी मी दुसऱ्याला देते. सहा महिन्यांनी पुन्हा बघेन. तेव्हा दिवस सांगून येणार नाही."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. राग आला नव्हता अजून. मला फक्त ऐकू येत होतं की आत आई पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्या मांडताहेत.

राग आला तो अंगणात पाऊल ठेवल्यावर. बाबा पायरीवर बसले होते, काठी पुन्हा हातात घेऊन. "सही केली का गं?" त्यांनी विचारलं. अगदी सरळ मनानं विचारलं. आणि माझा तोल गेला.

"कसली सही? मॅडम दुसऱ्याला देताहेत काम! भरलेलं शेत बघायला नव्हत्या आल्या त्या! त्यांना दर आठवड्याची टोपली हवी होती, आणि तुम्ही सगळ्या टोपल्या एकाच दिवशी पेरून ठेवल्यात! मी सांगून गेले होते ना? एकच वाफा म्हटलं होतं ना? दीड महिना तुम्ही मला फोनवर हसत होतात! बुडवलंत तुम्ही मला. माझं घर बुडवलंत!"

आई कपबशी हातात घेऊन दारात आल्या होत्या. बाबांचं तोंड उघडंच राहिलं. मी त्यांच्याशी आयुष्यात कधी या आवाजात बोलले नव्हते. मलाच माझा आवाज ऐकून धक्का बसला, पण तो थांबवता येईना.

"एवढं भरलेलं शेत बघून… नको म्हणाल्या?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं, आणि ते कळताना बघणं माझ्याच्यानं झालं नाही. त्यांनी एकदा कोथिंबिरीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. "म्हणजे मी केलं?"

"हो."

आई पुढे आल्या. कपबशी त्यांनी पायरीवर ठेवली. "बोल तू, बोलायचा हक्क आहे तुझा," त्या म्हणाल्या. "पण एक ऐक. तू गेलीस त्या आठवड्यात तो दुर्बीण बांधावरून काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणाला, सून ऐतखाऊ आहे तुमची, अर्धी जमीन ओसाड टाकून माहेरी जाऊन बसते. चार लोकांसमोर म्हणाला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, पाहुणे येतील त्या दिवशी एक टीचभर जागा रिकामी दिसणार नाही, माझ्या सुनेला कुणी आळशी म्हणणार नाही. गुडघे धरून खणायचे. मला हात लावू देत नव्हते. तिच्यासाठी करतोय, मीच करणार म्हणायचे."

मी ऐकलं आणि पायरीवरची कपबशी उचलून हातात धरली. म्हणजे इतका वेळ मी ज्याला खुळेपणा म्हणत होते, तो माझ्यावरचा जीव होता. मला कुठे तोंड लपवावं कळेना. रागवायला माणूस उरला नव्हता आणि काम तर गेलंच होतं. यापेक्षा कुणी मुद्दाम वाईट केलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं.

नवरा आत आला. खांद्यावर बॅग, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. त्यानं आधी शेताकडे बघितलं. "अरे बाप रे!" तो म्हणाला. "बाबा, तुम्ही म्हणालात ते खरंच की! केवढं हिरवं!"

मी कपबशी खाली ठेवली. "तुम्ही आज कसे?"

"बाबांचा फोन आला होता. म्हणाले, शेत भरलंय, काम झालंच समज, ये. म्हटलं, चला!" त्यानं बॅग खाली टाकली आणि रिकामे हात पसरून दाखवले. "किल्ल्या दिल्या मालकाला. आता कुठंही जात नाही."

मुलगी धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगली. पहिल्यांदाच.  तो आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत राहिला आणि त्याचं हसू जागच्या जागी गोठलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला. काठीवर जोर देऊन ते उठले आणि मुलासमोर जाऊन उभे राहिले.

"काम गेलं," ते म्हणाले. "तिचं नाही चुकलं. माझ्यामुळे गेलं."

नवरा भांडला नाही. भांडला असता तर निदान आवाज झाला असता. तो वाफ्याच्या कडेला बसला, कोथिंबिरीची एक काडी उपटली, बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "आता?"

आता काय, ते मला माहीत होतं. कमी दिवसांच्या पिकाचं एक बरं असतं. चूक कितीही मोठी असली तरी वर्ष खात नाही, महिना-दीड महिना खाते. सगळी कोथिंबीर फुलावर यायच्या आत उपटायची, मिळेल त्या भावानं विकायची, आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक वाफा. पण तेवढे आठवडे घर कशावर चालणार? हे मी मोठ्यानं विचारलं नाही. त्यालाही ते सुचलं होतं.

"उद्या मालकाकडे जाऊन बघतो," तो म्हणाला.

सकाळी तो गेला. बॅग उघडलीच नव्हती, ती तशीच उचलली. मालकानं त्याचा ट्रक आधीच दुसऱ्याला दिला होता. उरली होती ती सगळ्यात लांबची फेरी, जी कुणी घ्यायला तयार नसतं. ती त्यानं घेतली. फोनवर त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मागे इंजिनाचा आवाज येत होता. मुलगी विचारत होती, तिचे बाबा जेवायला येणार का. मी म्हटलं, नाही. तिनं ताट उचलून ठेवलं. मला वाटतं, आदल्या दिवशीच्या सगळ्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

दुपारी मी उपटणी सुरू करायची म्हणून सुतळी घेऊन वाफ्यांकडे गेले आणि बघते तर बाबा रस्त्याकडेच्या वाफ्यात बसलेले. दुर्बिणीच्या बांधाला लागून असलेला, सगळ्यांना आधी दिसतो तो वाफा. अर्ध्याहून अधिक उपटून झाला होता. जुड्या एका बाजूला ओळीनं लावल्या होत्या आणि त्यांच्यामागे काळी, उघडी माती.

"बाबा, अहो गुडघे!" मी ओरडले. "उठा, मी करते."

"तू दुसरा घे. हा माझा."

शेजारी पालकाच्या बियांचा डबा होता, झाकण लावलेला. मी म्हटलं, "पेरून टाकू का लगेच?"

त्यांनी डबा माझ्यापासून लांब सरकवला. "याची पाळी पुढच्या आठवड्याला ना? मग पुढच्या आठवड्यालाच. आज कुठला पेरायचा तेवढं सांग."

मी शेवटच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.  काल मी जे बोलले त्याची माफी मागायला मी त्यांच्याशेजारी वाकले. तोच बांधापलीकडून खोकला ऐकू आला.

"काय हो," दुर्बीण म्हणाला, "सूनबाई परत आल्या वाटतं! लगेच वाफा ओसाड?"

मी उत्तर द्यायला वळले. पण बाबा उठत होते. काठी हाताशी नव्हती, म्हणून ते आधी एका गुडघ्यावर आले, मग माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. हात मातीनं भरलेले, श्वास लागलेला.

"तिचा नाही तो," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "माझा आहे. मी रिकामा ठेवलाय. आळशी म्हणायचं तर मला म्हण."